चांदणी ते कोर

अहेरीच्या बाजारओळीत मिठाच्या दुकानावर एक खोली होती आणि खोलीवर पाटी होती : ‘वारलूजी बोरकुटे. खाजगी तपास. चोरी, हरवले-सापडले, नमुना जुळवणी.’ पाटीच्या तळाशी ‘मध्यप्रदेश’ खोडून नुकतेच ‘मुंबई राज्य’ लिहिले होते. अख्खा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, पण त्याच्या तपासाचे काम वारलूजींना कोणी दिले नव्हते.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी एक माडिया बाई जिना चढून वर आली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

“तूच का तो पट्टीवाला?”

“मीच. काय चोरीला गेलं बाई?”

“काई नाई गेलं. माहा माणूस चोर हाये म्हणते.”

“कोण म्हणते?”

“तुही पट्टी.”

वारलूजींचा चेहरा उजळला. आपल्या पट्टीचे नाव दोन कोस पायी चालून आपल्या दारी येते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कोपऱ्यात सायकलची चेन पुसत बसलेला नथ्थू भोयर मान वर करून पाहू लागला. नथ्थू हा वारलूजींचा सहायक. पूर्वी तो कुस्त्या खेळे. नथ्थूजवळ सायकल होती, वारलूजींजवळ डोके होते आणि दोघांनाही आपल्याजवळचीच वस्तू जास्त मोलाची वाटे.

बाईचे नाव बुधरी. तिचा नवरा दसरू, इंदुताईंच्या लाकूड डेपोवर बंडी हाकणारा. जंगलातल्या कूपातून, म्हणजे तोडीला काढलेल्या तुकड्यातून, सागाचे ओंडके भरायचे, डेपोच्या नाक्यावर आणून टाकायचे, एवढेच त्याचे काम.

“दिवाळीपासून कूपातून शहाण्णव लाकडं देल्ली म्हणते. नाक्यावर पट्टी लावली तं चाळीसच भरली. छप्पन दसरूनं खाल्ली म्हणते. माहे हेले धरून ठेवले. आज दुपारी हवालदार येते.”

“रेडे तुझे?”

“माह्या भावानं देल्ले, दिवाळीले. असे हेले त्या डेपोत कोनापाशी नाई. बाजाराच्या दिवशी मी अन् माही सासू टोपल्या घेऊन बंडीवर बसतो, तरी त्याईले काई वाटत नाई.”

“दसरू काय म्हणतो?”

बुधरी पहिल्यांदाच खाली पाहू लागली. “त्यानं अंगठा देल्ला.”

“म्हणजे कबूल केलं?”

“अंगठा देल्ला,” बुधरी पुन्हा तेवढेच म्हणाली.

वारलूजींनी टेबलाच्या खणातून पट्टी काढली. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकात एक सरकणारे, ओढले की लांब होणारे. वरच्या तुकड्यावर चार खुणा छापलेल्या : चांदणी, टिंब, फूल आणि कोर. खाली वारलूजींची सही, तीही छापील.

“नथ्थू, हे काय आहे?”

“पट्टी,” नथ्थू म्हणाला. त्याने हे शंभरदा ऐकले होते.

“हा नमुना आहे. तारघरात बावीस वर्षं तारांतले शब्द मोजता मोजता सुचलेला. कूपात प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने ठसे मारतात. आधी चांदणी, मग मापाच्या रेघा, शेवटी बंडीवाल्याची खूण. दसरूची कोर, दुसऱ्या बंडीवाल्याची फुली; इंदुताईंनी तशा दोन पट्ट्या मागवल्या होत्या. नाक्यावरचा मुन्शी तेच ठसे वहीत उतरवतो. आता दसरूचे ओंडके कसे शोधायचे? टिंब म्हणजे कोणतीही एक खूण. टिंबापुढे फूल आलं म्हणजे तशा खुणा कितीही. आधी चांदणी, मधे काहीही, शेवटी कोर. जुळलं की एक मेळ. एक मेळ म्हणजे एक ओंडका.”

“मंग नुसत्या कोरी काऊन नाई मोजत?” नथ्थूने विचारले. हा प्रश्नही तो शंभरदा विचारून चुकला होता, कारण उत्तर त्याच्या लक्षात राहत नसे.

“कारण माप अर्ध्यावर आलं की रेघांच्या मधेही कोरच मारतात. पहिल्या कोरीशी थांबशील तर ओंडका अर्ध्यातच तुटेल. म्हणून माझी पट्टी शेवटच्या कोरीपर्यंत जाते. सारी अक्कल तिथंच आहे.”

मग ते बुधरीकडे वळले. “बाई, पट्टी चुकत नाही. ओंडके गेलेच आहेत. प्रश्न इतकाच की नेले कोणी. चला.”

फी घेणार नाही, असे त्यांनी उदारपणे सांगितले. तपास लागला तर पट्टीची कीर्ती सिरोंच्यापर्यंत जाणार होती.

वारलूजी सायकलच्या कॅरिअरवर बसले, नथ्थू पायडल मारू लागला. बुधरी पायी निघाली आणि त्यांच्याआधी पोचली.

डेपोच्या पडवीत इंदुताई बसल्या होत्या. नवरा वारल्यावर ठेका त्याच चालवीत. नवरा होता तेव्हाही त्याच चालवीत, असे लोक म्हणत.

“या भाऊ! तुमची पट्टी नसती तं मी पुरती लुटली गेली असती.”

“डेपोतून पुढे ट्रकवर माल किती चढला, ताई?”

“तो तं नाक्याच्या वहीपेक्षा पन्नास-साठ नग जास्तच चढला. मागच्या सालचा माल मागं कुठी पडला असंल.”

“चौकशी केली?”

“कमी भरलं तं चौकशी करते माणूस. जास्त निघालं तं कोण तक्रार करते!”

वारलूजींनी हे वहीत टिपून घेतले, पण अधोरेखित केले नाही.

कूपावरचा मुन्शी लटारू आज हवालदारासाठी डेपोवर आला होता. कूपात तो ठसे मारून माल रवाना करी. प्रत्येक ओंडक्यामागे तो एक चिंचोका मडक्यात टाके आणि संध्याकाळी चिंचोके मोजून वही लिही.

“माहे चिंचोके खोटं बोलत नाई, भाऊ. शहाण्णव म्हणजे शहाण्णव.”

“दिवाळीच्या आधी दसरूचा माल कमी भरत होता?”

“नाई ना. तवा जाड माल होता. एक लाकूड, एक बंडी. दिवाळीपासून बारीक मालाचं कूप लागलं. सुकलूचे बैल म्हतारे, ते आताही एकच ओढते. दसरूचे हेले म्हणजे काय विचारता!”

“दिवाळीले त्याच्यापाशी हेले आले अन् दिवाळीपासूनच चोरी सुरू झाली,” नथ्थू वारलूजींच्या कानाशी म्हणाला. “हेल्याईच्या पोटात तं नाई ना गेली लाकडं?”

“गप.”

सुकलू हा दुसरा बंडीवाला. तो बैलांना पाणी पाजत होता. दसरूच्या हेल्यांवर त्याचा डोळा आहे, हे अख्ख्या डेपोला ठाऊक होते आणि ते तो लपवीतही नसे.

“दसरूला वाटेत कुठे लाकूड उतरवताना पाहिलं का?” वारलूजींनी विचारले.

“मी रोज त्याच्या मागूनच येतो, भाऊ. नाई पाह्यलं.”

“पडलेलं पाहिलं?”

“पडलं असतं तं मीच घरी नेलं असतं,” सुकलू म्हणाला. त्याने हे इतक्या सरळपणे सांगितले की वारलूजींचा त्याच्यावर विश्वास बसला.

राहिला नाक्यावरचा मुन्शी पत्रू. तो बारीक, घाबरट माणूस होता. पट्टी त्याने वहीच्या पुठ्ठ्याला सुतळीने बांधून ठेवली होती आणि रोज काम सुरू करण्याआधी तिला हात लावून तो कपाळाला लावी.

“कसं लिहितोस?”

“एक बंडी, एक ओळ. कागद वाया जाऊ नाई म्हणते बाई.”

“आणि पट्टी कशी लावतोस?”

पत्रूने पट्टीच्या पाठीवर छापलेली सूचना शाळेतल्या पोरासारखी वाचून दाखवली : “‘पट्टी ओळीतील पहिल्या चांदणीवर ठेवावी. मधे काहीही असो, शेवटची कोर येईतो लांबवावी. तो एक मेळ समजावा. पुढील ओळीस जावे.’ म्या यात काना-मात्रेचाही फरक नाई केला, साहेब.”

“बरोबर,” वारलूजी म्हणाले. ती भाषा त्यांचीच होती आणि त्यांना ती अजूनही आवडत होती.

“एक गंमत हाये पण,” पत्रू चाचरत म्हणाला. “बाजाराच्या दिवशी कूपाची वही अन् माही वही बरोबर जुळते. बाकीच्याच दिवशी कमी भरते.”

नथ्थूने मांडीवर थाप मारली. “म्हणजे चोर बाजाराच्या दिवशी बाजारात असते! बाजार करणाऱ्याले धरा!”

“अहेरीच्या बाजाराला सात गावं येतात, नथ्थू.”

“मंग साती गावं धरा.”

शेवटी ते दसरूकडे गेले. त्याला अवजारांच्या खोलीत बसवले होते. दाराला कुलूप नव्हते, कारण दसरू पळणाऱ्यातला नव्हता. मोठ्या हाडापेराचा माणूस होता तो, पण कुदळींच्या आणि आऱ्यांच्या मधे अंग चोरून बसला होता. वारलूजी आत आले तरी त्याने तोंड भिंतीकडेच ठेवले.

“दसरू, तू ओंडके नेलेस?”

“नाई.”

“मग अंगठा का दिलास?”

दसरू भिंतीशीच बोलला. “मले वाटे मी सारे आणले. म्या आपल्या हातानं उतरवले. पण पट्टी नाई म्हणते. पट्टीले का माह्यासंग वैर हाये? मंग मीच बंडीवर झोपलो असन, पडले असन लाकडं. आठ दिस सारी वाट धुंडत गेलो. नाल्यात उतरून पाह्यलं. एक नाई भेटलं. मले लिवता येत नाई. तुमच्या कागदाले येते. कोनाचं खरं धरू?”

“घरी काय सांगितलंस?”

“घरी गेलोच नाई. पोरीनं विचारलं तं काय सांगू, तुह्या बापाले लाकडं मोजता येत नाई?”

बाहेर बुधरी दाराला पाठ लावून बसली होती. तिला सगळे ऐकू जात होते आणि दसरूला ते माहीत होते.

वारलूजी पत्रूची वही घेऊन नदीकाठच्या मोहाखाली जाऊन बसले. एक ओळ उघडली. पट्टी पहिल्या चांदणीवर ठेवली. लांबवली. शेवटच्या कोरीशी थांबवली. मग ती तशीच धरून ते इतका वेळ बसले, की नथ्थूला वाटले डुलकी लागली.

जवळ जाऊन पाहतो तो वारलूजींचे कान लाल झालेले.

“चोर भेटला का?”

“भेटला.” वारलूजींनी वही मिटली. “नथ्थू, भर आखाड्यात तुझा लंगोट कधी सुटला होता?”

“एकदा. मार्कंड्याच्या जत्रेत.”

“मग काय केलंस?”

“कुस्ती सोडली,” नथ्थू म्हणाला.

हवालदार घामाघूम होऊन आला, तेव्हा पडवीत सगळे जमले होते. इंदुताई, लटारू, सुकलू, पत्रू. दसरू खांबाच्या आड, बुधरी त्याच्या पुढ्यात. वारलूजी उभे राहिले. एरवी अशा वेळी ते कोटाची बटणे लावून घेत. आज ती उघडीच राहिली.

“ओंडके कोणी चोरले हे मी सांगणार होतो. पण आधी हे सांगतो, की ओंडके चोरीला गेलेच नाहीत. शहाण्णव कूपातून निघाले, शहाण्णव नाक्यावर आले.”

“मंग छप्पन कुठी गेले?” इंदुताई म्हणाल्या.

“ट्रकवर. तुम्हीच म्हणालात, माल पन्नास-साठ नग जास्त भरला. मागच्या सालचा नव्हता तो, ताई. दसरूचाच होता. नाक्याच्या आत आला की ओंडका कोणाचा ते कोणी पाहत नाही, म्हणून इकडची तूट आणि तिकडची वाढ कोणी शेजारी ठेवून पाहिली नाही.”

त्यांनी वही उघडून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

“ही दसरूची ओळ. चांदणी, तीन रेघा, कोर. लगेच पुढे चांदणी, दोन रेघा, कोर. पुन्हा चांदणी, चार रेघा, कोर. किती ओंडके?”

“तीन,” सुकलू म्हणाला.

“आता पट्टी लावतो. पहिल्या चांदणीवर ठेवली. मधे काहीही चालतं. शेवटच्या कोरीपर्यंत गेली. किती मेळ?”

पट्टी तिन्ही ओंडक्यांवरून आडवी पसरली होती.

“एक. ‘मधे काहीही’ यात दुसऱ्या ओंडक्याची चांदणीही आली आणि तिसऱ्याचीही. पट्टीनं तीन गिळले आणि एक सांगितला. सुकलूचा माल नेहमी पुरा भरतो, कारण त्याचे बैल एकच ओढतात. दिवाळीआधी दसरूही एकच आणायचा, तेव्हा तोही पुरा भरे. हेले आले, माल बारीक झाला, तो तीन तीन आणू लागला आणि त्या दिवसापासून चोर झाला. बाजाराच्या दिवशी घरच्या बायका टोपल्या घेऊन बंडीवर बसायच्या, जागा उरायची एका ओंडक्याची. त्या दिवशी तो साव. असे बारा दिवस एक एक, आणि अठ्ठावीस दिवस तीन तीन. ओळी चाळीस, ओंडके शहाण्णव.”

लटारूने बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. त्याचे चिंचोके सुटले होते.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू पत्रूकडे वळल्या. वही त्याची, पट्टी लावणारा हात त्याचा. पत्रू दोन पावले मागे सरला.

“म्हणजे या बावळटानं चुकीची लावली,” इंदुताई म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून, वारलूजींकडे न पाहता : “असंच ना, भाऊ? तुमच्या नावाले काऊन बोल लागावा? एका मुन्शीचं काय, दुसरा भेटन.”

वारलूजींना नुसती मान हलवायची होती. तोंड उघडायचीही गरज नव्हती. नथ्थू त्यांच्याकडे पाहत होता, आणि तीही मान त्याने समजून घेतली असती, असा त्याचा चेहरा होता.

“पत्रूनं ती बरोबर लावली,” वारलूजी म्हणाले. “सूचनेत लिहिलंय तशी, अक्षर न अक्षर. सूचना मी लिहिली. ‘मधे काहीही’ असं लिहायचंच नव्हतं. ‘चांदणी सोडून काहीही’ असं लिहायला हवं होतं, आणि ‘ओळ संपल्यावर पुढील ओळीस जावे’ असं. म्हणजे पुढची चांदणी दिसताच पट्टी मागं सरली असती, तिथून पुन्हा लागली असती आणि एका ओळीत तीन मेळ मिळाले असते. चार शब्द. एका ओळीत एकापेक्षा जास्त ओंडके येतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तारघरात एका कागदावर एकच तार असायची. मी या डेपोवर कधी येऊन पाहिलं नाही. खोलीत बसून नमुना केला, सही छापली आणि पाठवून दिला. आज सकाळी ही बाई माझ्या दारी आली, तेव्हा मला वाटलं माझं नाव झालं.”

हवालदाराने खिशातून अंगठ्याचा कागद काढला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, “मंग घेऊन कोनाले जाऊ?”

“त्या कागदावर दसरूचा अंगठा आहे. तो फाडा. न्यायचंच असेल तर मला न्या.”

“पट्टी चुकली म्हणून धरायचं कलम नाई मायापाशी,” हवालदार म्हणाला आणि इंदुताईंकडे पाहून कागदाचे चार तुकडे केले. मग तो पाणी प्यायला आत गेला.

वारलूजी दसरूपुढे गेले. बावीस वर्षे तारेतला शब्द न शब्द मोजलेल्या माणसाला तीन शब्द मिळेनात. “दसरू, माझं... तू...”

“मंग मी किती आणले?” दसरूने विचारले.

“शहाण्णव.”

“तसं नाई. मोजून सांग.”

वारलूजी पडवीच्या पायरीवर, दसरूच्या पायांशी बसले. पट्टी सोडून दिली. बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून, एक एक ओंडका मोजू लागले. “चांदणी, तीन रेघा, कोर. एक.”

“ते वाकडं होतं,” दसरू म्हणाला. “नाल्याकाठचं.”

“चांदणी, दोन रेघा, कोर. दोन.”

“व्हय. त्याले घुण लागली होती एका बाजूनं.”

आधी सुकलू हसला, मग त्याचे हसू गेले. दसरूला प्रत्येक ओंडका आठवत होता. कोणता कोणत्या चढावर अडला, कोणत्याने त्याचा अंगठा चेचला, कोणत्याच्या सालीखाली मधमाश्या होत्या. वारलूजी खालच्या मानेने वाचत गेले. चाळीस झाले, तिथे दसरूचा आवाज किंचित अडखळला. एकेचाळिसाव्यापासून तो खांबाच्या आडून बाहेर येऊन बसला. शहाण्णव झाले तेव्हा उन्हे कलली होती.

“व्हय,” दसरू म्हणाला. “इतकेच.”

“मला माफ कर.”

दसरू आपल्या हातांकडे पाहत राहिला. “म्या पन तं नाई मानलं या हाताईले,” तो हळूच म्हणाला, आणि हेले सोडायला गेला.

नथ्थूने सायकल उभी केली. वारलूजी पायरीवरच बसून होते. इंदुताईंनी चहा पाठवला होता, तो निवत होता. दसरूच्या मागे निघालेली बुधरी चार पावले जाऊन परत आली.

“असल्या पट्ट्या अजून कुठी कुठी हायेत?”

वारलूजींनी वर पाहिले. हा प्रश्न त्यांना अजून कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

“अकरा डेपोंवर.”

“तिथी कोनी धरला गेला का?”

वारलूजींच्या ट्रंकेत तीन पत्रे होती. तीन डेपोंकडून आलेली. ‘आपल्या पट्टीमुळे चोर सापडला, आभारी आहोत.’ ती त्यांनी घडी करून, रेशमी रुमालात गुंडाळून, सनदेसारखी जपून ठेवली होती. पत्रांत त्या चोरांची नावे होती. ती वाचल्याचे त्यांना आठवत नव्हते.

“तीन,” ते म्हणाले.

बुधरीने त्यांच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, सकाळी खुर्चीकडे पाहिले होते तसे.

“मंग बसून काऊन राह्यला?”